शेळीच्या कपाळावर कुंकू

आता हसायचं नाही हं, आधीच सांगते. आमच्या पिंपळगावात कुणी केली नसेल अशी फजिती मी करून घेतली, आणि तीही तोंडातून एक शब्द न काढता!

शाळेत गोष्टींच्या पुस्तकांची नवी पेटी आली होती. बाईंनी मला त्यातलं एक पुस्तक दिलं आणि बजावलं, "जसंच्या तसं परत आण. तरच दुसरं मिळेल."

मला तर अख्खी पेटी वाचायची होती! आणि घरी कोण? अडीच वर्षांचा माझा भाऊ, गोटू. हाती आलेला कागद आधी फाडणार, मग खाणार.

मी युक्ती केली. पुस्तक पाटावर ठेवलं, गोटूचे हात धुतले, त्याला मांडी घालून बसवलं. "नमस्कार कर. हात सोडले की गोष्ट बंद!"

काय सांगू, पोरगा पुतळ्यासारखा बसला!

नेमका श्रावण. शेजारच्या शांताकाकूंनी दारातून पाहिलं. "अवं, पोरीनं पोथी लावली काय?"

"नाही" एवढंच म्हणायचं होतं. पण माझी हजेरीसुद्धा वर्गात मैत्रीण देते! मी मान खाली घातली. काकूंना तो होकार वाटला.

दुसऱ्या दुपारी, पोथी ऐकायला बसतात तशा, काकू हातात गव्हाचे दाणे घेऊन हजर. सोबत दोघी, हात जोडून बसलेल्या. तिसऱ्या दिवशी सात जणी! आणि मी वाचत काय होते? रानात वाट चुकलेल्या शेळीची गोष्ट! 'शेळी' आली की मी शब्द गिळायची, घाम पुसायची. गोटू मध्येच "म्यॅ" करायचा, की काढ त्याला चिमटा!

पाचव्या दिवशी शेळी घरी पोचली. काकू उठल्या, आणि मी हात पुढे करायच्या आत चित्रातल्या शेळीच्या कपाळावर अंगठ्याएवढं कुंकू!

संपलं! दुसरं पुस्तक कसलं मिळतंय आता?

बाईंपुढे कुंकवाचं पान उघडून धरलं. आणि जन्मात पहिल्यांदा एका दमात सगळं सांगून टाकलं. बाई इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"पान एकही फाटलं नाही. घे दुसरं. पण आधी त्या बायकांना खरं सांग."

घरी बायका सतरंजीवर जमल्याच होत्या. नवं पुस्तक उंच धरून मी ओरडलेच, "काकू, हे पोथी नाही! अस्वलाची गोष्ट आहे! मांगची पण शेळीचीच होती!"

"माहीत हाय वं. गोटू रोज म्यॅ म्यॅ करून राह्यला होता न."

"मंग कुंकू काऊन लावलं?"

"शेळी सुखरूप घरी आली, तिले कुंकू लावू नाही?"

"अन् हात जोडून काऊन बसत होत्या?"

काकूंनी सतरंजीवर सरकून मला जागा केली. "तू किती घाबरून वाचे, बाई! आमाले वाटलं, पोरगी याले खरंच पोथी समजून राह्यली. तिचं मन काऊन मोडा?"