माझ्या नावाची मूठ

आई गेल्यावर देवावरचा माझा विश्वास उडाला, असं म्हणता येणार नाही. त्याच्याशी बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, एवढंच. वडील मी लहान असतानाच गेले होते. एम.एस्सी.चं दुसरं वर्ष सुरू झालं होतं आणि मी कॉलेजला जाणं सोडलं होतं. पुस्तक उघडलं की त्याच पानावर संध्याकाळ व्हायची. मी शिकावं म्हणून आई घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची. आता ते शिकणं कुणाला दाखवायचं? सोमवारी प्रवेश रद्द करायचा आणि बारडोलीला मामाकडे कायमचं जायचं, असं ठरवून मी पिशवीही भरली होती.

आदल्या दिवशी, रविवारी, लिंबायतच्या आमच्या गल्लीत घरोघरी कानबाई बसली. आम्हा खानदेशी लोकांत या देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन मूठ मूठ गहू काढतात. ते रोट घरच्यांनी घरातच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. आमच्याकडे दुःख झालेलं, म्हणून यंदा कानबाई नव्हती. दरवर्षी आई आणि शेजारची सुमनमावशी एकत्र बसून दोन्ही घरांचे गहू काढायच्या. दुपारी ती मावशी दारात येऊन उभी राहिली.

"ऊठ वं माय, रोट खावाले चाल."

"मी कुठे तुझ्या घरची, मावशी?"

"गहू काढता काढता सवयमा तुनं नाव तोंडमातीन निंघी गयं. नाव लिसन काढेल मूठ मांगे टाकता येस का? आते तू मन्हा घरनी. इतली शिकनी, पन इतलंबी समजत नही तुले?"

मी उद्या जाणार असल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "मंग ते रोट कोन खाई, तुना मामा?"

मला हसू आलं नाही. तरी मी उठले. तिच्या घरी जाऊन रोटाचा तुकडा मोडला. समोर नारळाची कानबाई होती, आणि मला तिच्याकडे पाहवत नव्हतं. रोट संपेपर्यंत गाव सोडता येईना, म्हणून सोमवार तसाच गेला. मग एका सकाळी खाऊन उठले, तेव्हा मावशी सहज म्हणाली, "आते कालेजले जाय. उरेल ते सांजले खाजो." नाही म्हणायचंही बळ नव्हतं, म्हणून गेले. त्या दिवशी प्रयोगशाळेत डोळ्यांपुढचं काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशीही गेले.

मावशीच्या तोंडून माझं नाव सवयीने आलं की कानबाईने आणवलं, हे मी कुणाला पटवत बसणार नाही. परवा सत्राची परीक्षा संपली. बाहेर येऊन फोन हातात घेतला आणि लावायला कुणीच नाही हे आठवून फाटकापाशी किती तरी वेळ उभी राहिले. दुःख आहे तेवढंच आहे. पण शरण जाणं म्हणजे मन शांत होणं, असं मला वाटायचं, तसं ते नाही. मन जागेवर नसतानाही, बोलावलं की उठायचं. तेवढं मला जमतं. ते जमवून देणाऱ्या त्या कानबाई माउलीपुढे मी रोज हात जोडते, आणि काही मागत नाही.