दोन नाकांची साक्ष

नैसर्गिक वायू धुऊन काढायला कारखान्यात अमाइन नावाचं द्रावण वापरतात. वायूतली घाण पोटात घेऊन ते काळवंडलं, की कढईवाल्याकडे यायचं. तो ते बंद भांड्यात उकळायचा. वाफ थंड झाली की स्वच्छ अमाइन पुन्हा कामाला लागायचं आणि तळाशी डांबरासारखा गाळ उरायचा. या उकळण्यात त्याचं उभं आयुष्य गेलं. शिळ्या मासळीसारखा तो वास कपड्यांत, केसांत, गादीत मुरला. बायको होती तोवर त्याला दारातच कपडे काढायला लावायची. ती गेली, नि अडवणारं कोणी उरलं नाही.

लेकीचा फोन आला, रविवारी नातीला घेऊन येते. "जमलं तर राहीन," म्हणाली. मागल्या खेपेला नातीला मळमळलं आणि दोघी आल्या पावली परतल्या होत्या. आता मुक्काम झाला पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात. त्यानं पडदे, चादरी व्हिनेगरच्या पाण्यात बुचकळल्या, फरशी घासली, गादीला ऊन दाखवलं. पण आपल्या नाकाचा काय भरवसा? म्हणून पाळीतल्या जुन्या जोडीदाराला, पंपवाल्याला, घर हुंगायला बोलावलं.

पंपवाल्यानं उशीत नाक खुपसलं. "काही नाही. नवरीचं कपाट वाटतंय नुसतं."

"नीट बघ."

"अरे, आता काय चारी पायांवर फिरू? नाही म्हणजे नाही."

कढईवाल्याचा जीव भांड्यात पडला.

रविवारी लेक उंबऱ्यातच थबकली. मग एकेक खिडकी उघडत गेली. नातीनं फ्रॉकच्या कडेनं नाक झाकलं.

"बाबा, अजून येतोय हो."

"धुतलंय गं सगळं. पंपवाल्यानंसुद्धा हुंगलं."

"त्या काकांनी?" ती हसली, नि हसता हसता थांबली. "बाबा, तेही तिथंच काम करतात ना, तुमच्याइतकीच वर्षं?"

त्यानं ताटं उचलली. तिघं बाहेर पायरीवर बसून जेवली. लेकीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि उन्हं उतरायच्या आत दोघी निघाल्या. वळणावर नातीनं छाती भरून मोठा श्वास घेतला, तो त्याला फाटकातून दिसला.

सोमवारी कारखान्यात पंपवाल्यानं डबा सोडता सोडता विचारलं, "काय रे, राहिली का लेक?"

पंपवाला भाजीवर वाकून, आज बायकोनं काय फोडणी दिलीय याचा अंदाज घेत होता.

"राहिली की," कढईवाला म्हणाला. "नात तर माझ्याच गादीवर झोपली."

"बघ. मी म्हणत नव्हतो?"

"म्हणत होतास खरा," कढईवाला म्हणाला, आणि भांड्याची वाफ बघायला उठला.