गाडीच्या पोटाखालचा रंग

तीनहाते हे काही त्यांचं आडनाव नव्हे. रंगाचे तीन हात दिल्याशिवाय गाडी खोलीबाहेर सोडायची नाही, हा त्यांचा सव्वीस वर्षांचा हट्ट. म्हणून शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे त्यांना तीनहाते काका म्हणत. आणि या वर्षी काकांच्या नोकरीवर गदा आली होती.

झालं असं, की गाडीवरून वारा कसा वाहावा हे ठरवणाऱ्या इंजिनिअरांनी, म्हणजे हवासाहेबांनी, रंगाचं वजन काढलं. ते सहा किलो निघालं. दुसऱ्या दिवसापासून चार माणसं गाडी खरवडायला बसली. खालचं काळं कार्बनचं अंग उघडं पडून गाडी काळीठिक्कर झाली, आणि नियमापेक्षा बरोबर सहा किलो हलकी भरली. तेवढी हलकी गाडी शर्यतीत घेत नाहीत. मग साहेबांनी तळाशी सहा किलो शिशाच्या पट्ट्या ठोकून घेतल्या.

"साहेब, सहा काढले नि सहाच घातले?" काकांनी विचारलं.

"तुमचे वर होते, हे खाली आहेत. वजन खाली असलं की गाडी वळणावर हलत नाही."

"मग रंगच खाली देतो की. शिसं कशाला?"

साहेबांनी हसायला तोंड उघडलं, मग वही उघडली. आठवडाभर आकडेमोड झाली. गुळगुळीत तळाखालून वारा सुळकन जातो, असंही निघालं. नोकरी वाचली. काकांनी पाठीवर पडून गाडीच्या पोटाला तीन नाही, चाळीस हात दिले. पैसा एका गादी कंपनीचा होता, तेव्हा तिचं नाव आणि खाली 'निवांत पडा' हेही तिथेच आलं. उभ्या आयुष्यात त्यांनी इतकं देखणं काम केलं नव्हतं, आणि ते बघायला फक्त रस्ता होता.

"हे दिसणार कुणाला?" गादीवाले साहेब कुरकुरत गेले.

तिसऱ्या शर्यतीत गाडी उलटली. चारही चाकं आभाळाकडे, आणि चकचकीत तळावर 'निवांत पडा'. अकरा मिनिटं टीव्हीवर दुसरं काही दिसलं नाही. खाली सीटच्या पट्ट्यांना लटकलेली ड्रायव्हर पोरगी अखेर मनगट मोडून बाहेर आली. काकांनी आधी रंगाला ओरखडा गेलाय का ते पाहिलं, मग पोरीकडे. याची त्यांना नंतर फार लाज वाटली.

इकडे गाद्या हातोहात खपल्या. गादीवाले साहेब फुलांचा गुच्छ घेऊन आले. तीन वर्षांचा नवा करार, रंग काकांनीच द्यायचा, अट एकच.

"तळ वर्षातून निदान दोनदा दिसला पाहिजे."

कुणी हसलं नाही. हवासाहेबांनी तर वहीत लिहूनही घेतलं.

संध्याकाळी ती पोरगी प्लास्टरमधला हात सांभाळत रंगाच्या खोलीत आली. "काका, नव्या गाडीचं काम जरा वाईट करा ना."

"वाईट?"

"चांगलं झालं, तर त्यांना बघावंसं वाटेल."

काका रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी त्यांनी नव्या तळाला एकच हात दिला, तोही पातळ. अक्षरं वाकडी आली, रंगाचे ओघळ आले, ते त्यांनी पुसले नाहीत. पुसायला दोनदा हात उचलला, तो खिशात घातला. गादीवाल्यांनी तळ पाहून नाक मुरडलं. असलं ध्यान लोकांना दाखवायचं नाही म्हणत त्यांनी अट खोडली. पाठोपाठ कारखान्यानं काकांचं नाव खोडलं.

पुढच्या वर्षीची पहिली शर्यत काकांनी घरी पाहिली, खुर्चीच्या टोकावर बसून. ती संपली तेव्हा काकू हळहळल्या. "एकदाही तळ दिसला नाही हो. तुमचं काम कुणाला दिसायला नको का?"

"एकदाही नाही ना?"

"नाही."

"मग वाढ आता," काका म्हणाले. सकाळपासून त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता.