खंडेनवमीसाठी उसनी आणलेली बंदूक

ही गोष्ट सांगायची मी सात वर्षं टाळली. टाळायला कष्ट पडले नाहीत, कारण कुणी विचारलंच नाही. आमच्या मंडळाच्या इतिवृत्तात त्या दिवसाबद्दल एकच वाक्य आहे: ‘एका सभासदाची बंदूक शाळेच्या आवारात सापडल्यामुळे पुढील कार्यक्रमांसाठी शाळेचे सभागृह मिळणार नाही.’ वाक्य खोटं नाही. ते मीच लिहिलं, कारण तेव्हा मी मंडळाचा सेक्रेटरी होतो. बंदूक माझ्याशी चाळीस वर्षं मैत्री असलेल्या मित्राची होती, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती शाळेत कुणी नेली, हे मात्र त्या वाक्यात नाही. आता मंडळाची स्मरणिका निघते आहे आणि जुनी इतिवृत्तं तपासायला माझ्याकडेच आली आहेत. तेव्हा लिहितो.

मित्र हाडांचा डॉक्टर होता, मूळचा नागपूरचा. मी सांगलीचा इंजिनिअर. अमेरिकेत मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावात आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. मी त्याला नुसतं डॉक्टर म्हणायचो आणि मंडळाचं काम माझ्या गळ्यात पडल्यापासून तो मला सेक्रेटरी म्हणायचा. पन्नाशीत हॉस्पिटलमधल्या सहकाऱ्यांनी त्याला फेझंटच्या शिकारीला नेलं. फेझंट म्हणजे लांब शेपटीचा, कोंबड्याएवढा पक्षी. डॉक्टरला तिथे एकही मिळाला नाही, पण पुढच्याच आठवड्यात त्यानं दुनळी बंदूक घेतली.

दर ऑक्टोबरला आम्ही दोघं पश्चिमेकडच्या गवताळ रानात जायचो. बंदूक त्याची, धपाट्यांचा डबा आणि चहाचा थर्मास माझा. मी आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. मला त्या गवताची ॲलर्जी होती, आणि नेमका पक्षी टप्प्यात आला की मला शिंक यायची.

“सेक्रेटरी, माझ्या बंदुकीनं पाडले त्याच्या दसपट पक्षी तुझ्या शिंकेनं वाचवलेत,” तो म्हणायचा. घरी आल्यावर वहिनी विचारायच्या, काय मिळालं? तो बूट काढता काढता सांगायचा, “भूक.” क्वचित एखादा पक्षी मिळाला की सावजी मसाल्यात रस्सा व्हायचा आणि आम्ही चौघं नाक पुसत जेवायचो. माझ्या आठवणीतले अमेरिकेतले सर्वांत सुखाचे दिवस हेच.

हा माणूस काहीही उसनं द्यायचा. गाडी, इस्त्री, बर्फ उडवायचं यंत्र, एकदा तर सूट. बंदूक मात्र कुणालाही नाही.

आता खंडेनवमीचं सांगतो. मंडळाचा दसरा जवळच्या शनिवारी एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायचा. शस्त्रपूजेच्या टेबलावर शस्त्रं म्हणजे काय, तर चार लॅपटॉप, एक स्टेथोस्कोप, कुणाचं तरी ड्रिल आणि जुन्या नाटकातली चंदेरी कागद लावलेली तलवार. त्या वर्षी कमिटीच्या बैठकीत माझ्या तोंडून निघून गेलं, “यंदा मी खरं शस्त्र आणतो.” सगळे हसले आणि विसरून गेले. मला ते हसणं लागलं. डॉक्टरकडे जाऊन मी सांगितलं की बंदूक मला घरच्या पूजेसाठी हवी आहे. हे पहिलं खोटं.

“बघतो,” तो म्हणाला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. “बंदुकीच्या दुकानात विचारलं. शेरीफच्या ऑफिसलाही फोन केला. शिकारीची साधी बंदूक आहे, घेणाऱ्याला कायद्यानं मनाई नाही, तर मित्राला थोडा वेळ द्यायला आपल्याकडे बंदी नाही.”

“मग दे की.”

“अरे, सासुरवाडीला महिनाभर राहायलाही बंदी नाही. म्हणून शहाणा माणूस राहतो का?”

तरीही त्यानं दिली. मी कधी काही मागितलं नव्हतं, म्हणून दिली, असं वहिनींनी नंतर सांगितलं. शुक्रवारी दुपारी त्यानं ती मधल्या बिजागरीत उघडून नळ्या रिकाम्या असल्याचं मला दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा मला स्वतःला बघायला लावलं, आणि मग अटी सांगितल्या.

“तुझा मेहुणा आलाय ना पुण्याहून? व्हिजिटर व्हिसावर?”

“हो.”

“त्यानं हात लावायचा नाही. त्या व्हिसावर चालत नाही. लांबून नमस्कार करू दे. पूजा झाली की पेटीत, पेटीला कुलूप. उद्या दुपारी परत. आणि घराबाहेर न्यायची नाही. काय?”

“घराबाहेर नाही.”

“पुन्हा म्हण.”

मी पुन्हा म्हटलं. त्यानं तिसऱ्यांदाही म्हणायला लावलं.

शनिवारी सकाळी नऊ वाजता ती पेटी माझ्या गाडीच्या डिकीत होती आणि गाडी शाळेच्या पार्किंगमध्ये. बायकोला मी काहीच सांगितलं नव्हतं. ती आत वड्यांचे ट्रे लावत होती. हॉलमध्ये बंदूक नेऊ नये एवढं मला कळत होतं. पण दसऱ्याला आम्ही पार्किंगमध्ये गाड्यांची पूजा करतोच, तर डिकी उघडून तिथल्या तिथे फूल वाहिलं तर काय बिघडलं, असा माझा हिशेब. मी पेटी उघडली, नळ्यांना कुंकू लावलं आणि माझ्याच अंगणातल्या झेंडूचा हार घातला. थंडी पडायच्या आधीचा शेवटचा झेंडू होता तो. बंदूक फार देखणी दिसत होती, हे आजही मान्य करतो.

शाळेचा सफाई कामगार दारं उघडायला आला होता. भला माणूस, दरवर्षी आमच्याबरोबर बटाटेवडे खायचा. त्यानं डिकीत पाहिलं, थबकला आणि आत गेला. मला वाटलं, किल्ल्या विसरला असेल. दहा मिनिटांत पोलिसांची गाडी आली.

पोलीसबाई तरुण होत्या. त्यांनी मला गाडीपासून लांब उभं राहून हात दाखवायला सांगितलं. मी दाखवले. दहाही बोटं लाल होती.

“हे काय आहे?”

“कुंकू. पूजेचं.”

“तुम्ही बंदुकीची पूजा करता?”

“फक्त आजच.”

त्यांनी नळ्या तपासल्या. रिकामी बंदूक बंद पेटीत, डिकीत राहिली असती तर हरकत नव्हती, शाळेच्या आवारात अशी उघडून ठेवणं हा गुन्हा आहे, हे त्यांनी मला शांतपणे समजावलं. मग विचारलं, “तुमची आहे का?”

“मित्राची.”

“त्यांना बोलवा.”

डॉक्टर पाच मिनिटांत आला. एक गाल दाढी केलेला, दुसऱ्या गालावर फेस. त्यानं डिकीत वाकून पाहिलं आणि मला मराठीत म्हणाला, “माझ्या लग्नातला हार याच्या निम्मा होता.”

मग पोलीसबाईंनी त्याला विचारलं, “हे बंदूक इथे आणणार आहेत, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. उत्तर मी द्यायचं होतं. ‘यांनी मला तीनदा बजावलं होतं,’ एवढंच. मी बुटांकडे पाहत उभा राहिलो. मग तोच म्हणाला, “बंदूक माझी आहे. कुठे न्यायची नाही, हे मी यांना नीट समजावायला हवं होतं.”

तेवढ्यात गाड्या यायला लागल्या. पैठण्या नेसलेल्या बायका, झब्ब्यातले पुरुष. सगळ्यांनी काय पाहिलं, तर पोलिसांशी बोलत उभा असलेला डॉक्टर आणि पोलिसांच्या गाडीत जाणारी त्याची पेटी. मी तोपर्यंत नळाखाली हात धुऊन आलो होतो.

दसरा झकास झाला. अंगणातल्या झाडांची पानं सोनं म्हणून वाटली, डॉक्टरनं चार वडे खाल्ले आणि सफाई कामगाराला पाचवा नेऊन दिला. “बरं केलंस कळवलंस,” असंही त्याला सांगितलं. पुढे मला सरकारी वकिलांचं पत्र आलं की खटला भरणार नाही. बंदूक परत मिळाली तेव्हा फेब्रुवारी होता. त्या वर्षी शिकार नाही.

खरं नुकसान वेगळंच झालं. जानेवारीपासून डॉक्टर मंडळाचा अध्यक्ष होणार होता. साठीपुढच्या लोकांचं एक तीन अंकी नाटक बसवायचं, हे त्याचं स्वप्न होतं. संहितेची प्रत तो गाडीत घेऊन फिरायचा. शाळेनं हॉल नाकारल्यावर कमिटी बसली. अध्यक्ष म्हणाले, “डॉक्टर, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण लोक विचारतात, मुलांच्या शाळेत बंदूक आणणाऱ्याला अध्यक्ष कसं करता?”

डॉक्टर म्हणाला, “लोकांचं बरोबर आहे. मी नाव मागे घेतो.” त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी लॅपटॉपवर ते वाक्य टाईप केलं.

रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “भाऊजींनी तुमचं नाव घेतलं नाही. म्हणजे ते तुम्हीच घ्यायचं.” मी म्हटलं, घेतो.

नाटक झालं, पण डॉक्टरच्या बेसमेंटमध्ये, सोफा ढकलून. सहा नट आणि अकरा प्रेक्षक, त्यातले चार नटांचे व्याही. मी पडद्यामागून वाक्यं सांगायचो, म्हणजे वाळत घातलेल्या चादरीमागून. दुसऱ्या अंकात मला शिंक आली आणि मरून पडलेला डॉक्टर हसायला लागला. प्रेक्षकांनी तो प्रसंग पुन्हा करायला लावला, आणि तो पुन्हा मेला. इतकं हसलेलं मला आठवत नाही. हॉलमध्ये तीनशे लोकांनी ते पाहायला हवं होतं, हेही त्याच क्षणी मनात आलं.

त्यानंतर दर खंडेनवमीला सकाळी त्याचा फोन यायचा. “सेक्रेटरी, विळीला गंध लाव आणि घरातच बस.” एवढंच म्हणून ठेवायचा. तो विषय त्यानं याहून जास्त कधी काढला नाही.

गेल्या वर्षी तो आजारी पडला. मी तीनदा ठरवून हॉस्पिटलमध्ये गेलो. दोनदा वहिनी खोलीत होत्या, हे मला निमित्त पुरलं. तिसऱ्यांदा आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, “डॉक्टर, ते त्या दसऱ्याचं...”

तो डोळे मिटूनच म्हणाला, “धपाटे आणलेस का?”

आणले होते. त्यानं अर्धा खाल्ला, तिखट कमी आहे म्हणाला. मी उरलेला अर्धा खाल्ला आणि घरी आलो. चार दिवसांनी तो गेला.

इतिवृत्तातलं वाक्य मी आज बदललं आहे, खाली सही केली आहे. तुला सांगायचं होतं ते एवढंच होतं, डॉक्टर: बंदूक तू घरासाठी दिली होतीस, तीनदा बजावून दिली होतीस. शाळेत ती मी नेली आणि तुझ्याकडे बोट गेलं तेव्हा मी गप्प बसलो. माझं चुकलं. मला माफ कर.