कोकिळाबाईची पात

कोकिळा हे नाव ज्यानं ठेवलं, त्यानं तिचा आवाज ऐकला नसणार. बारशाच्या वेळी पोरगी झोपलेली असावी. ती बोलायला लागली की पत्र्यावरून कुणीतरी नांगर ओढतंय असं वाटायचं. पूर्णेकडची ही पोरगी लग्न होऊन पाथरी-सेलू रस्त्याकडेच्या आमच्या वाघठाण्यात आली, तेव्हा सासूनं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, "हळू बोलत जा, शेजारचं लेकरू उठतंय." तिचा नवरा वैजीनाथ मात्र खूष होता. त्याला एका कानानं कमी ऐकू यायचं.

घरची जमीन मुरमाड. त्यामुळं दिवाळीच्या आसपास कापूस फुटला की कोकिळा दुसऱ्याच्या शेतात वेचणीला जायची. माझी आईही जायची, म्हणून ही सगळी हकीकत मला आईकडून कळली, आणि काही मी डोळ्यांनी पाहिली.

पहिल्या वर्षीची गोष्ट. माणिकराव म्हणजे गावातले मोठे कास्तकार. त्यांनी दहा-बारा बायांना वेचणीला बोलावलं होतं. सकाळी बाया पाराजवळ जमल्या. पुढं कोण चालणार हे ठरलेलं नसायचं, बोलत बोलत सगळ्या निघायच्या. नव्या सुनेला बोलण्यात कुणी घेईना, म्हणून कोकिळा आपली एकटीच पुढं चालायला लागली. शेत कुठंय हे तिला ठाऊक नव्हतं. सासूनं "वढ्याच्या पल्याड" एवढंच सांगितलं होतं आणि कुणाला विचारायची तिला लाज वाटत होती. ओढा ओलांडला, समोर पांढरंशुभ्र शेत दिसलं, आणि ती सरळ आत शिरून वेचायला लागली. बाकीच्या बायांनीही पात धरली. पात म्हणजे एका रांगेत उभं राहून पुढं सरकत काम करणं.

ते शेत किशनरावांचं होतं. किशनराव हे माणिकरावांचे चुलतभाऊ, आणि दोघांची बांधावरून कोर्टात केस चालू. दुपारी किशनराव शेतात आले तर न बोलावता बाया त्यांचा कापूस वेचतायत. ते निंबाखाली बसले, तंबाखू मळली आणि देवानं दिलेलं शांतपणे बघत राहिले.

थोड्या वेळानं माणिकराव शोधत शोधत पोचले.

"कुनी आनल्या ह्या बाया हितं?"

सगळ्या बायांना एकदम आपल्यापुढचं बोंड फार महत्त्वाचं वाटायला लागलं. कोकिळा पदर सावरून पुढं आली.

"म्या आनल्या."

"तुला शेत ठाऊक न्हाई?"

"न्हाई."

"मग इचारायचं न्हाई का?"

"लाज वाटली."

माणिकराव वाटेत बरंच काही ठरवून आले होते. पण समोरचं माणूस सगळं कबूल करतंय म्हटल्यावर त्या बोलण्याला जागाच राहिली नाही. कोकिळा म्हणाली, "उद्या दिस निघायच्या आत तुमच्या शेतात आमी असताव. बायायला काय बोलू नका मालक. त्या माह्या मागं आल्या."

दुसऱ्या दिवशी खरंच दिवस निघायच्या आत ती माणिकरावांच्या शेतात उभी होती. आणि तिच्यामागं सगळ्या बाया.

मी मोठा झाल्यावर आईला विचारलं, "तुम्हाला तरी शेत माहीत होतं ना?"

"होतं की. धा वर्सं तिथंच वेचायलो होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"ती इतकी तडतड चालायली होती, आमाला वाटलं औंदा शेतच बदललं."

तेव्हापासून वेचणी असो, खुरपणी असो, की ज्वारीची काढणी, कोकिळा निघाली की बाया निघायच्या. तिला कुणी मुकादम केलं नव्हतं. ती हुकूम करत नसे. हिशेब तर तिला अजिबात जमत नसे. ते काम माझी आई करायची. पण पातीत एखादी बाई मागं पडली की कोकिळा आपली ओळ सोडून तिच्या ओळीत शिरायची, आणि तोंडानं तिला शिव्या देत देत तिचं काम ओढून द्यायची. त्या शिव्या अख्ख्या शिवाराला ऐकू जायच्या, त्यामुळं मालकाला वाटायचं की बाई भलतीच कडक आहे.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा दंगा झाला. आमच्या गावात कुणाचं घर जळलं नाही, हे गावातले लोक आजही छाती काढून सांगतात. दलित वस्तीतल्या लोकांना कामावर बोलवायचं नाही असं पारावर ठरलं, ते मात्र कुणी सांगत नाही. कोकिळाच्या पातीतल्या चार-पाच बाया वस्तीतल्या होत्या. त्यातली सुलाबाई तर हाताला इतकी चपळ, की ती पुढं सरकली की तिच्या ओळीत मागं चिमटीभर कापूस सापडायचा नाही.

दिवाळीला कापूस फुटला. आभाळ भरून यायला लागलं. माणिकरावांचा जीव वरखाली. एका संध्याकाळी कोकिळा वस्तीत गेली. सुलाबाई दारात तांदूळ निवडत होती.

"उद्या वेचनीला चल," कोकिळा म्हणाली.

"गावानं बंदी घातलीय म्हनं."

"गाव येतंय का वेचायला?"

सुलाबाईनं सूप बाजूला ठेवलं. "येते. पर एक हाय. आमाला वरून पानी वतायचं न्हाई. मडकं समद्यांचं एकच राहील. आनि ते आमच्या घरचं राहील."

कोकिळा काही जग सुधारायला निघाली नव्हती. तिला पाऊस पडायच्या आत शेत उरकायचं होतं. पण सुलाबाईचं बोलणं चूक आहे असंही तिला म्हणता येईना. शेवटी ती म्हणाली, "मडकं लय जड असतंय. तू आनशील का?"

"आनते."

"मग बरंय."

घरी येताना तिनं आमच्या दारावरून आवाज दिला, "उद्या मडकं आनू नका गं. सोय झालीय."

सकाळी शेतात सुलाबाईचं मडकं बाभळीखाली बसलं, तेव्हा बायांना ती सोय कळली. ऊन थोडं चढल्यावर कोकिळा गेली, तांब्या भरून गटागटा प्याली, उरलेलं तोंडावर मारलं, "थंड हाय" म्हणाली आणि पातीत परत आली. आणखी काही सांगायच्या भानगडीत ती पडली नाही. बाकीच्या बायांना त्या दिवशी तहानच नव्हती. आई सांगते, थुंकी गिळून गिळून घसा दुखायला लागला होता.

जेवायच्या सुट्टीत पंचाईत झाली. भाकरीवर ठेचा होता. कस्तुराबाई सगळ्यांत म्हातारी आणि सोवळ्या-ओवळ्यात सगळ्यांत कडक. तिला ठेचा जास्त लागला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, उठली, म्हणाली, "माजं काय, मी दोन दिसाची सोबती," आणि दोन तांबे प्याली. मग मडक्यापुढं रांग लागली. दोन दिवसांची सोबतीण त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली आणि रोज त्याच मडक्यातलं पाणी प्याली.

पाराला हे कळलं. माणिकरावांना बोलावणं गेलं. पण तोवर कापूस घरात येऊन पडला होता आणि बाहेर पाऊस लागला होता. माणिकराव म्हणाले, "मला ह्यातलं कायबी ठाऊक न्हाई. मी शेतात गेलोच नव्हतो." विषय तिथंच मिटला.

माणिकरावांना पुढं पुढं मात्र ही कोकिळा जड जायला लागली. ती म्हणाली उद्या यायचं, तर बाया उद्या येणार. ती म्हणाली आज दर्ग्याचा उरूस आहे, तर कापूस बोंडात लोंबत राहणार. मग त्यांनी आपली धाकटी भावजय कमलबाई हिला बायांवर नेमलं. कमलबाई सातवी शिकलेली, आवाज गोड, स्वभावानं गरीब. थोरल्या दिरानं तिला छत्री दिली आणि सांगितलं, "तू फकस्त हुकूम करायचा."

कमलबाई बांधावर छत्री उघडून बसली. "बायांनो, चला," ती म्हणाली. बाया चालल्या. "बायांनो, वेचा." बाया वेचायला लागल्या. तिनं सांगितलेलं प्रत्येक काम त्यांनी केलं. न सांगितलेलं एकही केलं नाही. कमरेला बांधलेली कापसाची ओटी भरली तर ती रिकामी करा असं सांगेपर्यंत भरल्या ओटीनं उभ्या राहिल्या. संध्याकाळी अर्धं शेत तसंच पांढरं. त्यात कोकिळाचा काही हात नव्हता. ती त्या दिवशी घरीच होती, म्हशीचं बघत.

पुढच्या दिवशी माणिकरावांनी मुकाट्यानं कोकिळाला बोलावलं. कमलबाईला मात्र "बसून ऱ्हा, शिकशील" म्हणून छत्रीखालीच ठेवलं. आता बिचारीला काम उरलं नाही. पात दूर सरकत गेली. तिकडं कोकिळा सासूची नक्कल करत होती आणि बाया पोट धरून हसत होत्या. बांधावर काही कळत नव्हतं. कोकिळाचा आवाज ऐकू यायचा, पण हसण्यात शब्द बुडायचे. दुपारनंतर कमलबाईनं छत्री मिटली, बांधावर ठेवली आणि पातीत येऊन उभी राहिली.

"काय म्हनत होत्या सासूबाई?" तिनं विचारलं.

"आधी ओटी बांध," कोकिळा म्हणाली. "मग सांगते."

पुढं पंचायतीत बायकांसाठी जागा राखून ठेवायचा कायदा आला. आमच्या वॉर्डातली जागा बाईची निघाली. तात्याराव म्हणजे गावातलं राजकारण करणारं माणूस. पांढरी टोपी, खिशात दोन पेनं, त्यातलं एक चालणारं. त्यांनी बघितलं, ही बाई रोज सकाळी निघते आणि हिच्या मागं गावातल्या अर्ध्या बाया निघतात. ते धावतच वैजीनाथच्या घरी आले.

"वैनी, तुमी उभ्या ऱ्हावा. समद्या बाया तुमच्या शब्दात हायत."

"माह्या शब्दात कुनी न्हाई," कोकिळा म्हणाली. "मी फकस्त म्होरं चालते."

"तेच पुढारीपन असतंय, वैनी."

वैजीनाथनं चांगला कान पुढं केला. "काय म्हनायलेत?"

"पुढारी व्हा म्हनायलेत."

"व्हय की," वैजीनाथ म्हणाला. तो कशालाच नाही म्हणत नसे.

समोर माणिकरावांनी कमलबाईला उभं केलं. कोकिळाला निशाणी मिळाली कपबशी. तिला चहा चालत नव्हता, तरी घरोघरी चहा घ्यावा लागला, आणि आठवडाभर तिला झोप आली नाही. फेरी निघाली तेव्हा आमच्या गल्लीतून एवढ्या बाया आल्या, की पुढच्या वळून शाळेपाशी गेल्या तरी मागच्या पारापाशी. तात्यारावांनी मतं मोजणंच सोडून दिलं. सभेत कोकिळाला बोलायला उभं केलं. ती म्हणाली, "मला बोलता येत न्हाई. तुमाला ठाऊकच हाय." तेवढ्यावर टाळ्या पडल्या. भोंग्याची गरज पडली नाही.

निकाल लागला. कमलबाई निवडून आली. थोडक्यात नव्हे, चांगल्या भरघोस मतांनी. कोकिळाला मिळाली ती मतं बहुतेक तात्यारावांच्या भावकीची होती.

त्या रात्री ती जेवली नाही, असं वैजीनाथनं आईला सांगितलं. सकाळी मात्र ती पाराजवळ आली. बाया आधीच जमलेल्या. कुणी मान वर करीना. कोकिळा चालायला लागली आणि बाया मागं निघाल्या. त्या दिवशी ती इतक्या जोरात चालली, की कस्तुराबाईला दोनदा बसावं लागलं. शेतात ती दुपारपर्यंत एक शब्द बोलली नाही. आई म्हणते, आजवर त्या आवाजाला कंटाळलो होतो, पण त्या दिवशी शेत खायला उठलं.

जेवताना तिनं भाकरी खाली ठेवली.

"मला सांगा. मत कुनी दिलं न्हाई?"

सगळ्यांनी सुलाबाईकडं बघितलं. अवघड बोलायचं काम तिच्याकडंच असायचं.

"कुनीच न्हाई," सुलाबाई म्हणाली. "आमी ठरवून न्हाई दिलं."

"कामून?"

"तू निवडून आली असतीस, तर रोज पंचायतीत, न्हाईतर पाथरीला. मग सकाळी आमी कुनाच्या मागं जायचं? कमलबाईचं बरंय. ती हितं असो का तिथं असो, पात काय तिच्यावाचून अडत न्हाई."

"मग फेरीत कामून आल्या?"

"तू म्होरं चालायलीस म्हनल्यावर यावंच लागतंय की."

कोकिळानं एकेकीचं तोंड बघितलं. मग तिला काहीतरी आठवलं. "आनि आमच्या घरचं मत?"

आता आईची पाळी होती. "वैजूभाऊला मीच सांगितलं," आई म्हणाली. "ते लगेच व्हय म्हनले."

कोकिळाचा चेहरा लाल झाला, मग ओठ हलले, आणि मग ती हसायला लागली. डोळे पुसत हसत होती. रडत होती की हसत होती, हे नक्की सांगता येत नाही, असं आई म्हणते. मग तिनं सगळ्यांना मिळून एकच शिवी दिली. ती चांगली मोठी होती आणि सगळ्यांना पुरली.

कमलबाईचं पंचायतीत बरं चाललं. पहिल्याच मीटिंगमध्ये प्रश्न आला, हातपंप कुठं बसवायचा. माणिकराव म्हणाले, आमच्या वाड्यापुढं. तात्याराव म्हणाले, पारापाशी. नव्या मेंबरचं मत काय म्हणून सगळे तिच्याकडं वळले. कमलबाईनं पदर नीट केला.

"उद्या सांगते," ती म्हणाली. "आधी शेतात जाऊन येते."

दुसऱ्या दिवशी तिनं येऊन सांगितलं, की वस्तीच्या आणि आमच्या गल्लीच्या मधल्या लिंबाखाली. माणिकराव आ वासून बघत राहिले, कारण भावजयीनं हे सांगताना आवाज चांगलाच चढवला होता. पंप तिथंच बसला. उद्घाटनाला तात्याराव टोपी घालून हजर होते. नारळ फोडायला कोकिळाला बोलवावं म्हणून त्यांनी तिच्या घरी माणूस पाठवला, पण घराला कुलूप होतं. बायांना घेऊन ती सकाळीच तूर काढायला गेली होती, आणि नारळ पंपापाशीच उभ्या असलेल्या वैजीनाथनं फोडला.