व्हॅनवाल्या मामांची कबुली

ती दुपार माझ्या मनातून अजून गेलेली नाही. नोकरीत मी खूप कबुल्या ऐकल्या. पण समोरून आलेली कबुली नको वाटावी, असं त्या एकाच दुपारी झालं.

तेव्हा मी सोलापुरात वाहतूक शाखेत होतो. एका पालकाचा फोन आला. "शाळेच्या व्हॅनवाल्याच्या तोंडाला दारूसारखा वास येतो. मुलं असतात हो त्याच्याकडे." व्हॅनचा नंबर मिळाला. शाळा सुटायच्या आधी आम्ही सात रस्ता चौकाजवळ उभे राहिलो आणि मुलांना आणायला निघालेली ती रिकामी व्हॅन अडवली.

चालक पन्नाशीचे, मिशा पांढऱ्या. आरशाला मुलींनी बांधलेल्या राख्या लटकत होत्या. शाळेतली मुलं त्यांना मामा म्हणायची. माझ्यासोबतच्या हवालदारांनी श्वासाचं यंत्र पुढं केलं, त्यांनी फुंकलं आणि आकडा मर्यादेच्या बराच वर गेला.

"किती घेतली?" मी विचारलं.

"लई घेतली साहेब. चूक झाली. कुटं सही करू सांगा, आन् सोडा मला."

इथंच मी थबकलो. प्यायलेला माणूस कधी 'लई' म्हणत नाही. एकच घेतली, तीही काल, असं त्याचं ठरलेलं उत्तर असतं. शिवाय यांची जीभ जड नव्हती, पाऊल सरळ पडत होतं.

"कुठं बसला होता?"

"असंच... तितं."

"तितं म्हणजे?"

"तुमी लिवा की साहेब, काय बी."

हवालदार वैतागले. "सर, माणूस स्वतः कबूल करतोय. कशाला उन्हात उभं राहायचं?"

"कबूल करणाऱ्यालाही हक्क असतात, हवालदार."

मी मामांना चौकीत नेलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "आता नीट ऐका. यंत्रात फुंकायला नकार देऊ नये, त्यानं अडचण वाढते. पण आकडा स्वतः बघा, शंका असेल तर पुन्हा तपासा म्हणा. न वाचता सही करू नका. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती तुमच्यावर कुणी करू शकत नाही. अटक झालीच तर कारण विचारा, डॉक्टरांकडून रक्त तपासून मागा, घरी कळवा. आणि हा गुन्हा रस्त्यावर मिटत नाही. कोर्टात जातो. तिथं हो म्हणालात तर दंड किंवा तुरुंग; लायसन्सवर गदा येईल, आणि शाळा तुम्हाला दारात उभं करणार नाही."

मामांचा चेहरा उतरला. "रस्त्यात मिटत न्हाय? आमच्या स्टँडवर तर सगळी म्हंत्यात, हो म्हणलं की लगेच सोडत्यात."

"सुटायची एवढी घाई कशाला?"

"पोरं सुटली असतील साहेब. फाटकाबाहेर उन्हात हुबी असतील. त्यातली धाकटी तर लगेच रडती."

"मग कुणाला तरी फोन करा की!"

"करता येतो व्हय?"

एक फोन करता येतो हे ठाऊक नाही म्हणून हा माणूस आयुष्यभराचा डाग अंगाला लावून घ्यायला निघाला होता. त्यांनी स्टँडवरच्या दुसऱ्या व्हॅनवाल्याला फोन लावला, मुलांना घ्यायला सांगितलं. मोबाईल खिशात टाकला आणि ताठ बसले.

"आता सांगतो साहेब. मी जन्मात दारूला शिवलेलो न्हाय."

"मग यंत्र खोटं बोलतं?"

"यंत्र सरकारी हाय. त्येला मी काय बोलू?"

"बरं, आज तोंडात काय काय घातलं?"

दारू बिनदिक्कत कबूल करणारा माणूस आता जमिनीकडं बघू लागला. खूप विचारल्यावर खिशातून तंबाखूची पुडी निघाली आणि सीटखालून माऊथवॉशची बाटली. मुलांनी त्यांना तंबाखू सोडायची शपथ घातली होती. तंबाखू काही सुटली नव्हती. म्हणून प्रत्येक फेरीआधी तोंडातला तंबाखूचा बार थुंकायचा आणि या औषधानं खळखळून चूळ भरायची, की पोरांना वास नको. बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, अल्कोहोल.

"अहो, हे आधी का नाही सांगितलं?"

"दारूचं तुमच्यापाशी राहिलं असतं साहेब. तंबाखूचं पोरांपर्यंत गेलं असतं."

हवालदार हसू दाबत बाहेर पळाले.

मामांना साध्या पाण्यानं चुळा भरायला लावल्या, पंधरा-वीस मिनिटं बसवून ठेवलं आणि पुन्हा फुंकायला सांगितलं. शून्य. प्यायलेली दारू एवढ्यात उतरत नाही, चुळीतली उडून जाते. दोन्ही आकडे डायरीत नोंदवले. त्या पालकांना मी स्वतः फोन केला. तुम्ही कळवलंत ते बरोबरच केलंत, म्हणालो. माणूस प्यायलेला नव्हता.

एवढ्यात दुसरी व्हॅन चौकीसमोर येऊन थांबली. मामांना घेतल्याशिवाय घरी जायचं नाही, असं मुलांनी ठरवलं होतं. खिडकीतून धाकटीनं विचारलं, "मामा, पोलिसांनी का धरलं? तंबाखू खाल्ली ना?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं.

"गप्प राहायचा हक्क आहे तुम्हाला," मी हळूच म्हणालो.

त्यांनी खिशातली पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. "खाल्ली बाई. घे, तूच टाक कचऱ्यात."

हक्क सांगितले की गुन्हेगार सुटतात, असं म्हणणारे सहकारी मला पुष्कळ भेटले. त्यांना मी ही हकिकत सांगतो. घाबरलेल्या माणसानं मला खोटी कबुली दिली होती. त्याला त्याचे हक्क कळले, तेव्हा त्या दुपारी दोन खऱ्या कबुल्या मिळाल्या. त्यातली दुसरी तर कुणी सक्तीनं काढूच शकलं नसतं.