निळ्या बुचाची नळी

चूक माझीच, इस्पितळातल्या परिचारकाची. तिहोमिर बेकरीवाल्याचं हृदय बंद पडलं, अकरा मिनिटं छाती दाबल्यावर परत चालू झालं, आणि त्याचं रक्त घेताना मी घाईत सुई लवकर काढली, तर निळ्या बुचाची नळी अर्धीच भरली. गोठण्याची तपासणी त्याच नळीतून होते, आणि ती रेघेपर्यंत भरावीच लागते. आता आमच्या डॅन्यूबकाठी पाहुण्यापुढे अर्धा पेला ठेवणं म्हणजे त्याला दार दाखवणं. मी त्याच सवयीनं जांभळ्या बुचाच्या नळीतलं रक्त निळीत ओतलं आणि दोन्ही नळ्या खाली प्रयोगशाळेत धाडल्या.

खाली वुकाताई. रक्त गोठायला किती सेकंद लागतात हे तीस वर्षं बघत बसलेली बाई. सणाच्या पंगतीतसुद्धा वाइनचा पेला उजेडाकडे धरून पातळी तपासायची. तिचा फोन आला.

"ग्रादिमिर, निळी गळ्यापर्यंत आणि जांभळीत तीन थेंब! दारू ओतत होतास काय रे?"

"ताई, एकदा चालवून घे ना. डॉक्टर खोळंबलेत."

"जांभळीतलं औषध रक्त गोठूच देत नाही. आकडा खोटा येणार. दुसरी भर. आणि चालू नकोस, पळ."

मरून परतलेल्या माणसाचं रक्त भारी लहरी. कधी नको तिथे गुठळ्या धरतं, कधी पाण्यासारखं वाहतं. तिहोमिरला रक्त पातळ करायचं औषध द्यायचं की गोठवायचं, ते त्या आकड्यावर ठरणार होतं. दुसऱ्या नळीत पस्तीस मिनिटं गेली. आकडा आला: रक्त गोठतच नव्हतं. छाती दाबताना मोडलेल्या फासळ्यांखाली ते आतल्या आत वाहत होतं. गोठवायचं औषध चढवलं, पण दुपारी तिहोमिर गेला.

"एवढा उशीर का झाला?" त्याच्या बायकोनं, स्तामेंकानं, विचारलं.

"प्रयोगशाळेनं नमुना परत पाठवला," डॉक्टर म्हणाले. खोटं नव्हतंच ते. मी शेजारी उभा राहून स्वतःचे बूट न्याहाळत होतो.

वुकाताईनं वहीत 'नमुना अयोग्य' एवढंच लिहिलं. कुणाचंही नाव नाही. तेव्हापासून तिच्याच गल्लीतल्या तिहोमिरच्या बेकरीत, फळ्या भरलेल्या असल्या तरी, तिच्यासाठी पाव संपलेला असायचा.

चाळिसाव्या दिवशी, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, सगळे कबरीपाशी जमलो. स्तामेंका मृताच्या नावानं वाटायच्या उकडलेल्या गोड गव्हाचं भांडं घेऊन प्रत्येकापुढे जात होती. मला चमचाभर मिळाला, वर "तू किती धावपळ केलीस, बाबा" असंही ऐकायला मिळालं. वुकाताईपुढून भांडं तसंच पुढे गेलं. तिनं पुढे केलेला हात कोटाच्या खिशात घातला.

फाटकापाशी मी तिला गाठलं. "ताई, आज सांगतोच मी स्तामेंकाला. नळी मी बिघडवली म्हणून."

तिनं माझ्या मिशीला चिकटलेला गव्हाचा दाणा बघितला.

"सांगणारा चाळीस दिवस थांबत नाही, ग्रादिमिर."